इस्पिकं पाचच होती

इस्पिकं पाचच होती, विमल. सहा नव्हती. वारासिवनीच्या स्पर्धेत मी उडी मारून 'तीन इस्पिक' म्हटलं, तेव्हा माझ्या हातात इस्पिकाची पाच पानं होती, बाकीच्या रंगांची तीन, तीन आणि दोन होती, आणि डोक्यात काहीही नव्हतं. हे मी अकरा वर्षांनी कबूल करते आहे. तेही तू गेल्यावर एकोणिसाव्या दिवशी, म्हणजे 'मी म्हणत नव्हते?' असं तुला आता म्हणता येणार नाही याची पक्की खात्री करून घेतल्यावर. मी अशीच आहे. तुला ते माझ्या आधी कळलं होतं.

वयाचं कारण देऊन सुटावं तर तीही सोय नाही. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. दोन नातवंडांची आजी. आज ती बाई डोळ्यांपुढे आली की वाटतं, हिच्या हाती पत्ते दिले कुणी? नवी कोरी साडी, काखेत पर्स, मानेला ताठा, आणि चेहऱ्यावर असा भाव की बालाघाट जिल्ह्यातली सगळी इस्पिकं हिच्याच नावावर लागली आहेत. तिला पकडून दोन शब्द सुनवावेत असं फार वाटतं. पण सुनवायचं काम तुझं होतं आणि तू ते कधीच धड केलं नाहीस. तू नुसती चष्म्याच्या वरून बघायचीस.

नातवंडं हे वाचतील तर त्यांना डाव कळावा म्हणून थोडं सांगते. तू तेवढा वेळ मान वळवून बस. ब्रिजमध्ये चौघं, समोरासमोरचे दोघं पार्टनर. प्रत्येकाला तेरा पानं. खेळण्याआधी बोली लागते: कुठला रंग हुकूम धरला तर आपली जोडी किती हात करेल, किंवा कुठलाच हुकूम न धरता किती करेल. हुकूम नसलेल्याला म्हणायचं नोट्रम्प. बोलीच्या आकड्यात सहा मिळवायचे, म्हणजे 'एक' म्हटलं तर सात हात करायचे. तर एका पार्टनरनं दुसऱ्याला आपल्या हातात काय आहे ते सांगायचं, आणि सांगायला शब्द किती? 'एक इस्पिक', 'दोन बदाम', 'वन नोट्रम्प', 'पास'. बस. भुवई उडवायची नाही, सुस्कारा टाकायचा नाही. तुला एकदा खरोखरचा ठसका लागला तर मी तुझ्याकडे राजा आहे असं समजून बसले होते.

आता आपलं भांडण. हात सपाट आहे, म्हणजे चारी रंगांची पानं जवळपास सारखी. ताकदही चांगली, एक्के-राजे मिळून पंधरा-सोळा गुण. पण इस्पिकाची पानं पाच आली आहेत. इस्पिक म्हणजे सगळ्यांत वरचा रंग. मग सुरुवात कशानं करायची?

तू म्हणायचीस, वन नोट्रम्प. मी म्हणायची, एक इस्पिक.

"एवढी पाच-पाच इस्पिकं हातात आणि तू लपवतेस?"

"लपवत नाई. एका बोलीत सारं सांगून देतो. हात सपाट हाय, ताकद एवढी हाय. पार्टनरले इस्पिकं पाहिजे असली तर ते विचारल."

"आणि नाहीच विचारलं तर?"

"तं तिले नको असतील."

या 'नको असतील'वर मी किती रविवार जळले! तुझं गणित बरोबर होतं. एक इस्पिक म्हणून सुरुवात केली की पुढे पार्टनरला कळतच नाही की आपल्याजवळ बारा गुण आहेत की अठरा, आणि मग सांगत बसावं लागतं. वन नोट्रम्प म्हटलं की एका झटक्यात खुलासा. हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण मला खुलासा नको होता, विमल, मला इस्पिकं मिरवायची होती. नोट्रम्प म्हणजे ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही त्यानं म्हणायची गोष्ट, असं माझं तेव्हाचं थोर मत.

आणि हे तुझं एका बोलीत सारं सांगणं पत्त्यांपुरतं नव्हतंच. माझ्या मुलासाठी तुझ्या प्रज्ञाला बघायला आम्ही भरवेलीच्या तुमच्या क्वार्टरमध्ये आलो तेव्हाची गोष्ट. एकाच खाणीत आपले दोघींचे नवरे, एकाच कॉलनीत घरं, तरी त्या दिवशी सगळे नव्यानं भेटल्यासारखे अवघडून बसले होते. तू आलीस, पदर सावरलास आणि एका दमात म्हणालीस, "पोरगी बी.एड. हाय, स्वयंपाक बेताचा हाय, राग लवकर येते, लवकर जाते बी, आन् चष्मा लागला हाय तो फोटोत काढून ठेवला होता." तुझे यजमान घाबरून तुझ्याकडे बघत राहिले. मी मग माझ्या मुलाबद्दल बोलायला लागले. मुलगा इंजिनिअर आहे. नागपूरला शिकला. थोड्या वेळानं परत, मुलगा इंजिनिअर आहे. तू माझं पूर्ण ऐकून घेतलंस आणि शांतपणे विचारलंस, "एकच डिगरी हाय का दोन? दोनदा सांगितलं म्हनून विचारून राह्यली."

आमचे हे आजही ते आठवून हसतात. मला त्या दिवशी तुझा इतका राग आला होता की सोयरीक मोडावी असं मनात आलं. मोडली असती तर? जाऊ दे.

आपल्या नवऱ्यांनी कॉलनीच्या क्लबात जोडीनं पत्ते खेळले आणि आपण मागे विणकाम घेऊन बसत त्यांच्या चुका मोजल्या. ते रिटायर झाले, आपण सगळे बालाघाटात घरं बांधून आलो. तुझ्या यजमानांची नजर अधू झाली, आमच्या ह्यांना चौथ्या पानाला झोप लागायला लागली, आणि त्यांच्याशी दर रविवारी खेळणारे दुबेजी नि त्यांचे साडू दारात उभे. म्हणून त्या खुर्च्यांवर आपण बसलो. पहिला रविवार आठवतो?

मी म्हटलं, "एक चौकट."

तू म्हणालीस, "पास."

पानं उघडली तर तुझ्याकडे चौदा गुण! चौदा गुण घेऊन कुणी पास म्हणतं? आपण चौकटीत सहाची बोली लावून बारा हात करू शकलो असतो नि बोली लागली एकची. मी विचारलं, "ईनबाई, पास काहून म्हटलं तुम्ही?" तर तू पदराशी चाळा करत म्हणालीस, "तुम्ही मुलाची आई. तुमच्या बोलीच्या वर मी कशी बोलू?"

दुबेजींच्या हातातला चहा कपातून बशीत आला. अशी चूक जगातल्या कुठल्याही क्लबात कुणी केली नसेल, ती फक्त आपल्याकडची विहीणच करू जाणे. मग मी टेबलावर हात आपटला आणि कायदा केला: पत्त्यांच्या टेबलाशी विहीण नाही, मुलाची आई नाही, मुलीची आई नाही. टेबलावर तू नि मी. उठलं की तुम्ही. तू दोन मिनिटं विचार केलास आणि म्हणालीस, "ठीक हाय कौसल्ये, वाट पानं." इतक्या सहज 'कौसल्ये' म्हणालीस की माझी आईच आठवली.

म्हणून इथे तुला तू म्हणते आहे. हे टेबलावरचं समज.

तर वारासिवनी. तिथल्या क्लबानं जोड्यांची स्पर्धा भरवली होती. अशा स्पर्धेत वाटलेली पानं पाकिटात तशीच ठेवून टेबलाटेबलावर फिरवतात. सगळ्या जोड्या तोच हात खेळतात. म्हणजे आपण शेण खाल्लं तर ते नशिबावर ढकलता येत नाही, कारण त्याच पानांवर बाकीच्यांनी काय केलं ते लगेच कागदावर दिसतं. दुपारपर्यंत आपण दुसऱ्या नंबरवर होतो. एकच पाकीट राहिलं होतं.

पानं उचलली तर सोळा गुण, सपाट हात, आणि इस्पिकं पाच. एक्का नि राणी डोक्यावर. आपलं ठरलेलं होतं, लिहून दिलेलं होतं, खाली माझी सही होती: असा हात आला की वन नोट्रम्प. आणि मी म्हटलं, "एक इस्पिक."

तू मान वर केली नाहीस. म्हणालीस, "वन नोट्रम्प." म्हणजे तुझ्याकडे इस्पिकं जेमतेम, ताकद बेताची. एवढ्यावर तरी शहाण्या बाईनं आवरतं घ्यावं. मी म्हटलं, "तीन इस्पिक." याचा अर्थ ब्रिज खेळणाऱ्या कुणालाही विचार: माझ्याकडे इस्पिकं किमान सहा आहेत, घे तुला घ्यायची तर. पाचची सहा केली मी. दोनदा सांगून. मुलाच्या डिग्रीसारखी.

तेव्हा तू चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलंस. बराच वेळ. मग म्हणालीस, "चार इस्पिक."

चार म्हणजे दहा हात करायचे. तू पानं टेबलावर मांडलीस. इस्पिकं दोन, तीही दुर्री नि पंजी. आणि उजवीकडच्या गोंदियाच्या लालाजींकडे पाच इस्पिकं एका ओळीत बसलेली. मी आठ हात केले. कागद उघडला तर बाकीच्या सगळ्या टेबलांवर तीन नोट्रम्प, नऊ हात, आरामात. आपण दुसऱ्या नंबरवरून थेट सातव्यावर.

आता इथे माणसानं काय करावं? 'चुकले' म्हणावं. तीन अक्षरं. त्याऐवजी ती अठ्ठावन्न वर्षांची बाई काय बोलली ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. पण लिहिण्याआधी माझ्या बाजूचंही थोडं लिहिते, ऐक. त्याच आठवड्यात मला कळलं होतं की प्रज्ञानं आणि माझ्या मुलानं नागपूरला जायचं ठरवलंय. घर पाहून झालं होतं, नातीच्या शाळेचा फॉर्म भरून झाला होता. आणि तुला ते तीन आठवडे आधीपासून माहीत होतं. तीन रविवार तू माझ्या समोर बसून पानं लावत होतीस आणि तोंडातून एक शब्द नाही. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "तुम्ही विचारलंच नाई." मी काय विचारायचं होतं? 'माझी नात गाव सोडून चालली आहे का?' असं कुणी उगाच विचारतं?

ते पोटात होतं. आणि गोंदियाचे लालाजी, वारासिवनीचे दोन मिलवाले, पंच म्हणून बसलेले मास्तर, सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "तुमच्या घरात हातातलं लपवून ठेवायचीच रीत आहे का? पोरीलाही तेच शिकवून पाठवलंत आमच्याकडे?"

शब्द वाईट होतेच. पण शब्दांपेक्षा वाईट काय होतं ते तुला कळलं आणि मलाही त्याच क्षणी कळलं. मी टेबलावर 'तुम्ही' म्हटलं. माझाच कायदा मोडून मी तुला पुन्हा मुलीची आई केलं.

तू पानं गोळा केलीस, पाकिटात घातलीस, चौघांची तेरा-तेरा मोजून. परतीच्या बसमध्ये एकच बाकडं रिकामं होतं म्हणून शेजारी बसावं लागलं. वळणावर मी तुझ्या अंगावर कलंडायची आणि तू मला न बघता सरळ करायचीस. बालाघाट आलं. उतरताना म्हणालीस, "येते ईनबाई. इवाईले नमस्कार सांगा." व्याह्यांना इतका स्वच्छ नमस्कार! त्यापेक्षा एक ठेवून दिली असतीस तर बरं झालं असतं.

मग सात महिने. वाढदिवस, मंगल परिणय, विहारातले कार्यक्रम, सगळीकडे भेटलो. तुम्ही बसा, नाही तुम्ही बसा. तुम्ही घ्या, आधी तुम्ही घ्या. लोक म्हणायचे, बघा, विहिणी असाव्यात तर अशा. मला ओरडावंसं वाटायचं. रविवारी माझ्या समोर पार्टनर म्हणून हे बसायचे आणि बोलीच्या मध्ये घोरायचे.

आठव्या महिन्यात एका रविवारी चार वाजता तू दारातून सरळ आत आलीस. ह्यांना खांद्याला धरून उठवलंस. "उठा इवाई, आत जाऊन झोपा, इथं मान अवघडते." आणि बसलीस. दुबेजींनी पानं वाटली. तू तुझी लावलीस आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणालीस, "वन नोट्रम्प."

तुझ्याकडे बदाम पाच होते. मी बघितले नंतर. जीभ चावली आणि गप्प बसले. खेळून झाल्यावर मी तुझ्या चहात आलं दुप्पट घातलं. माफी मागायचा तेवढा एकच प्रकार मला येतो. तुला आल्यानं ठसका लागतो हे मला त्या घाईत आठवलं नाही.

विमल, मला माफी मागायची होती. हे तू मानणार नाहीस, पण मी एकदा तर पूर्ण तयारीनं आले होते. लांजीला तुझ्या भाचीच्या लग्नाला आपण बसनं निघालो होतो. मी खिडकीशी बसले होते, तू शेजारी. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "ईनबाई, त्या वारासिवनीच्या..." तू अशी झटकन वळलीस! सगळं अंग माझ्याकडे करून. "हौ? वारासिवनीच्या काय?" तुझ्या त्या डोळ्यांना मी भ्याले. म्हटलं, "त्या वारासिवनीच्या मिलचा तांदूळ बरा होता नाही यंदा?"

तू म्हणालीस, "हौ. बरा होता." आणि समोरच्या माणसाच्या पागोट्याकडे बघत बसलीस, लांजी येईपर्यंत.

त्यानंतरची सगळी वर्षं तू मला छळलंस. हो, छळलंस. मी कबूल केलं नाही म्हणून तूही वाद सोडला नाहीस. तू शिकवायचीस त्या शाळेतल्या निळ्या वह्या तुझ्याकडे उरलेल्या होत्या, त्यात आपल्या रविवारचे हात लिहून ठेवायचीस, मास्तरीणच ती. 'क. नं एक इस्पिक म्हटलं. काय मिळालं?' असा शेरा, लाल शाईत. त्या वह्या आता प्रज्ञानं मला आणून दिल्यात. सात वह्या आहेत. मी एक उघडली आणि पहिल्याच पानावर तुझं अक्षर बघून मला रडू येण्याआधी राग आला, कारण तो हात तू चुकीचा लिहिला आहेस. त्या दिवशी मी तीन हात जास्त केले होते. दुरुस्त कुणाकडून करून घेऊ?

आणि तुझी ती पद्धत. विचारलं तर सांगीन. या वर्षी तू ताट अर्धं ठेवायला लागलीस. मी म्हटलं, काय झालं, तर म्हणालीस, ॲसिडिटी. मी विचारलं होतं, विमल! विचारलं होतं ना मी? मग तेव्हा का नाही सांगितलंस? डॉक्टरांनी सांगितलेलं तू कित्येक महिने उशीखाली ठेवलंस. प्रज्ञाला माहीत नाही, तुझ्या मुलाला माहीत नाही, यजमानांना तर ऐकूही कमी येतं. दर रविवारी येऊन तू वन नोट्रम्प म्हणायचीस आणि मी मूर्खासारखी तुझी इस्पिकं मोजत बसायची. सपाट हात म्हणे! एवढा मोठा रंग हातात घेऊन बसली होतीस आणि माझ्यासमोर चेहरा असा की चारी बाजू सारख्या. मी तुझ्यावर रागावले आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात ते लोक तुझ्याबरोबर पत्ते खेळलेले नाहीत.

शेवटच्या आठवड्यात मी पत्ते घेऊन तुझ्याकडे आले होते. दोघींत डाव होत नाही, पण बोलीचा सराव होतो. तुझ्या हातात तेरा पानं मावत नव्हती म्हणून मी ती उशीला टेकवून उभी केली आणि तोंड फिरवून बसले, दिसू नयेत म्हणून. तू पुष्कळ वेळ लावलास. मग म्हणालीस, "वन नोट्रम्प."

मी आयुष्यात पहिल्यांदा भांडले नाही. म्हटलं, "दोन किलवर." म्हणजे तुझ्याच पद्धतीनं विचारलं की बाई, वरच्या रंगाचं, इस्पिकाचं किंवा बदामाचं, काही आहे का तुझ्याकडे?

"दोन बदाम," तू म्हणालीस. आणि किती खूश झालीस! "पाह्य, विचारलं की सांगतो का नाई मी?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. खोलीत आपण दोघीच होतो. टेबल नव्हतं, पण पत्ते होते, म्हणजे तू-मी चाललं असतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "तीन नोट्रम्प." तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं थकलीस. मी पानं गोळा केली, पायावर पांघरूण नीट केलं आणि घरी आले. पुढचा रविवार आलाच नाही.

पुण्यानुमोदनाला विहार भरून लोक आले होते. तुझे जुने विद्यार्थी, त्यांची पोरं. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलला. सगळे म्हणत होते, बाई फार शांत होत्या. कुणी तरी माइक माझ्याकडे दिला. विहीणबाईंनी दोन शब्द बोलावेत. मी उभी राहिले. समोर तुझा फोटो, पांढऱ्या फुलांत, आणि त्यातही तू चष्म्याच्या वरूनच बघते आहेस, हा फोटो निवडला कुणी? मी म्हणाले, "त्या फार शांत होत्या." आणि बसले. अकरा वर्षं थांबून मला माइक मिळाला आणि मी पास म्हटलं.

घरी आल्यावर प्रज्ञा मागच्या अंगणात स्टीलचे पेले पुसत होती. पाहुण्यांचे, ढीगभर. मी तिच्या शेजारी पाटावर बसले, एक फडकं घेतलं आणि पुसता पुसता सगळं सांगून टाकलं. पाच इस्पिकं, तीन इस्पिकांची उडी, लालाजी, मिलवाले, आणि तिच्याबद्दल, तिच्या आईबद्दल मी काय बोलले ते, जसंच्या तसं. म्हटलं, तिची माफी मागायची राहिली, आता तुझी मागते. तू तरी घे.

तुझी लेक ती. पेला उजेडात धरून बघितला, परत पुसला, आणि ओल्या डोळ्यांनी हसायला लागली. तिच्या त्या अर्ध्या मराठी अर्ध्या हिंदीत ती जे बोलली ते इथे जसंच्या तसं लिहिते आहे, एक शब्दही माझा नाही:

"आई, मला सब मालूम आहे. मम्मीनं उसी शाम को सांगितलं होतं. और सुनो, तिला पक्कं माहीत होतं तुमच्याकडं पाचच आहेत. सचमुच लांब रंग आला की तुम्ही तोंडातल्या तोंडात गुणगुणता म्हणे, त्या दिवशी तुम्ही एकदम चुप होता. तिला तीन नोट्रम्पच बोलायचं होतं. तरी जानबूझकर चार इस्पिक बोलली, म्हणे, 'एक डाव जिरू दे तिची.' मी म्हटलं, मग मम्मी, तू पण सॉरी बोल ना. तर म्हणे, 'पयले तिले मागू दे, मंग मी बी मागीन.' आम्ही नागपूरला गेलो तरी दर रविवारी फोनवर मी विचारायची, मागितली का गं माफी? और हर बार हसून तिचा एकच जवाब, 'नाई ना अजून. मागंल कवातरी. आमी दोघी कुठी चाललो?'"